शाळेच्या पेटीतले मोबाईल

शाळेत तुम्ही कुठलीही वस्तू शोधायला जा, वेळेवर सापडणार नाही. डस्टर नाही, नकाशा टांगायचा खिळा नाही, विज्ञानाच्या कपाटाची किल्ली तर नाहीच नाही. पण किस्सा? तो न शोधता पायात येतो. सकाळी परिपाठाला एक, खिचडीच्या वेळी एक आणि शाळा सुटताना दप्तर विसरून परत येणाऱ्या पोराबरोबर आणखी एक! घरी गेले की आमचे हे विचारतात, "आज काय झालं?" आणि फोडणी करपते तरी माझं सांगणं संपत नाही.

माझं माहेर नांदेडचं. नोकरी लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका शाळेत. पाचवी ते दहावी. मी विज्ञान शिकवते. यंदा आमच्याकडं मोबाईलबंदी झाली आणि किश्श्यांना नुसता ऊत आला. "मॅडम, शाळेत मोबाईल असावा का नसावा?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, बसा जरा, चहा टाकते. एका वाक्यात उरकण्यासारखं हे प्रकरण नाही.

*

बंदी आणली आमच्या मुख्याध्यापकांनी. बिरादार सर. उदगीरकडचे. माणूस इतका सरळ की खोटं बोलायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटतो. एकदा वरून विचारणा झाली, "शाळेत लावलेली झाडं किती जगली?" बाकीचे "सगळी" म्हणून मोकळे झाले. आमचे सर उन्हात बाहेर गेले, कंपाउंडला चक्कर मारून आले आणि फोनवर म्हणाले, "साहेब, एक जगलंय. त्याचाही शेंडा बकरीनं खाल्लाय!"

तर त्या दिवशी परिपाठाला सरांनी भाषण ठोकलं. "मुलांनो, मोबाईल हे विष आहे. मोबाईल माणसाला गुलाम करतो. उद्यापासून शाळेच्या आवारात मोबाईल दिसता कामा नये!"

पोरं चिडीचूप. सर एक वाक्य बोलायचे, थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि मग पुढचं वाक्य. तेवढ्यात सहावीच्या रांगेतून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "सर बगून वाचायलेत रे. मोबाईलमधून!"

खरंच की! सरांनी अख्खं भाषण मोबाईलवर टाइप करून आणलं होतं आणि विषाची बाटली हातात धरूनच वाचत होते.

दुसरा कुणी असता तर त्या पोराचा कान पिरगाळला असता. सर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." खेळाच्या सामानाची एक जुनी पत्र्याची पेटी होती, ती मागवली आणि पहिला स्वतःचा फोन तिच्यात टाकला. मग आम्हा शिक्षकांकडं वळून म्हणाले, "आता तुम्ही." आमची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

*

हसण्यासारखं पुढं भरपूर आहे. पण त्या बंदीचा एक नियम माझ्या घशाखाली उतरत नव्हता, तो आधी सांगते.

नियम असा: पोरांपैकी कुणाकडं फोन सापडला की तो पेटीत जायचा. घरी फोन करून पालकांना बोलवायचं आणि फक्त त्यांच्याच हातात द्यायचा.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, मुलींच्या बाबतीत घरी कळवू नका. मुलाकडं फोन सापडला तर बाप येतो, दोन टोले हाणतो, पोरगं दुसऱ्या दिवशी बाकावर हजर! मुलीकडं सापडला तर दुसऱ्या दिवशी बाकच रिकामा. वर्षाचं काय झालं, आठवतंय ना?"

वर्षा म्हणजे काही वर्षांपूर्वी आमच्याकडं दहावीत असलेली पोर. फळ्यावरच्या गणितात शेख सरांची चूक काढायची आणि वर "सर, घाईत झालं असंल" म्हणून त्यांना सांभाळून घ्यायची, अशी पोर. तिच्या दप्तरात फोन सापडला. तिचा नव्हताच, मैत्रिणीनं लपवायला दिला होता. बिरादार सरांनी सरळ मनानं घरी कळवलं. वडील आले, गोविंदराव. कुणाचं काही ऐकून न घेता पोरीला हाताला धरून घेऊन गेले. ती परत आलीच नाही. सर स्वतः त्यांच्या वाडीवर जाऊन आले, हात जोडले, मीही गेले. गोविंदरावांनी चहा पाजला, पण पोरगी काही पाठवली नाही. घरी बसली बसली आणि वयात आल्यावर तिकडं हिमायतनगरला लग्न करून दिलं.

तिची धाकटी बहीण साक्षी यंदा आमच्याकडं दहावीत होती. म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

सर टेबलाकडं बघत म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. एकाला सोडलं की दुसऱ्याला काय सांगू?" मला राग आला. आणि खरं सांगू? सरांची दयाही आली.

*

आता खिचडीचं ऐका.

शाळेत आहार शिजला की त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो. पोरं पंगतीत बसलेली, ताटं वाढलेली, मागं फळ्यावर तारीख, असा फोटो. बंदीच्या पहिल्या दिवशी व्हरांड्यात पंगत बसली. वाढून झालं. प्रार्थना झाली. आणि कुणी हातच लावेना! सगळी पोरं ताठ बसून समोर बघून राहिली.

मी म्हटलं, "अरे, जेवा की!"

पाचवीतली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, फोटो कुठं झालाय अजून?"

शाळेत आल्यापासून या लेकरांनी फोटो झाल्याशिवाय कधी घास तोंडात घातलाच नव्हता! त्यांना तो जेवणाचाच एक भाग वाटत होता. हात धुवायचे, प्रार्थना म्हणायची, फोटो, मग घास.

सर पेटी उघडायला गेले तर किल्ली घरी, दुसऱ्या पँटीच्या खिशात. शिपाई मामा सायकल घेऊन सरांच्या घरी पळाले. इकडं खिचडी गार व्हायला लागली. मी ओरडले, समजावलं. एकदोघांनी घास उचलला, पण बाकीच्यांनी "ए! ए!" करून त्यांना ताटात परत ठेवायला लावला.

शेवटी शेख सर पुढं आले. गणिताचे शेख सर आमच्या शाळेतले सगळ्यात जुने. त्यांनी एका पोराची कंपासपेटी घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाले, "चला, इकडं बघा सगळे! ए, तू शर्टाची गुंडी लाव. हसा... खटॅक! एक आणखी... खटॅक! झाला फोटो. बिसमिल्ला करा!"

पोरं जेवणावर तुटून पडली.

संध्याकाळी वरून मेसेज: "आपल्या शाळेत आज आहार शिजला नाही काय? खुलासा करावा." आमच्या सरांनी खुलासा केला, "आहार शिजला. मुलांनी खाल्ला. फोटोची किल्ली घरी राहिली."

*

शेख सरांना मात्र बंदी लई जड गेली. तासाला जाताना, येताना, फळ्यावर गणित मांडून पोरांना "सोडवा" म्हटलं की लगेच त्यांचा हात खिशात जायचा. खिशात फोन नाही. चेहरा असा पडायचा की बस!

सवय सुटेना म्हणून त्यांनी खिशात कॅल्क्युलेटर ठेवला. तास झाला की स्टाफरूममध्ये येऊन बसायचे, कॅल्क्युलेटर काढायचे, अंगठ्यानं उगाच आकडे दाबायचे आणि हं, हं करत परत खिशात घालायचे.

मी म्हटलं, "सर, काय आलंय त्यात?"

"काही नाही मॅडम. पण मनाला तसल्ली मिळते."

*

आता ओंकारचं. आठवीतलं पोरगं, अंगानं किरकोळ पण आवाज दणदणीत. त्याच्याकडं फोन सापडला. सरांनी त्याला ऑफिसात उभं केलं, फोन पेटीत टाकला, स्वतःचा फोन बाहेर काढला, पेटीला कुलूप लावलं आणि त्याच्या वडिलांचा नंबर लावला.

नंबर लागला आणि पेटीत ढोलकी वाजायला लागली.

सर कानावर हात ठेवून म्हणाले, "हे कुणाचं वाजतंय मध्येच? ऐकू येईना मला!" फोन ठेवला. पेटी गप्प. सरांनी परत लावला. पेटीत परत ढोलकी! सर वैतागले. "बघा मॅडम, पोरगं शाळेत काय करतं याची फिकीर नाही. फोन उचलायची तसदी घेत नाहीत हे लोक!"

ओंकार बराच वेळ खाली मान घालून उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "सर, ते कसं उचलतेल? त्यायचा फोन पेटीत हाय ना. आमच्या घरी एकच हाय!"

हे इथंच संपलं असतं. पण दुपारी वडील धापा टाकत आले. "सर, माझा फोन हाय का बगा इथं! आडतीवरून सोयाबीनच्या भावाचा मेसेज येत असतो. माल भरून टेम्पो उभा हाय दारात, लातूरला न्यावं का थांबावं, काय करावं?" सरांनी घाईघाईनं पेटी उघडली, मेसेज शोधला आणि भाव वाचून दाखवला. वडील म्हणाले, "थांबलेलं बरं," आणि फोन इथंच विसरून निघून गेले!

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेजारचा एकजण आला, "सर, भाव काय निघाला बगा की." तिसऱ्या दिवशी खिडकीखाली चांगले सातआठ टोपीवाले! सर पोरांचे तास बघायचे सोडून खिडकीत उभं राहून सोयाबीन, तूर, हरभरा वाचून दाखवायचे. आमच्या सरांची भाषणं कुणी इतकं मन लावून आजवर ऐकली नव्हती.

*

मग पालक सभा. विषय एकच: बंदी कायम ठेवायची का नाही?

सगळे पालक एका सुरात, "ठेवा! ठेवाच! पोरं वाया चाललीत!" असं म्हणणाऱ्यांत पुढच्या रांगेतले निम्मे मोबाईलमध्ये डोकं घालूनच म्हणत होते. वर पण बघितलं नाही.

एक म्हातारी उठली. नातीसाठी आलेली. म्हणाली, "सर, पोरीचा घ्या, पर माझ्या ल्योकाचा बी घ्या की. जेवाया बसला तरी फोनच बगून राहतो. म्या काय वाढलं ते बी बगत न्हाई. परवा ठेच्याची वाटी अख्खी भातात कालवली आन् खाऊन उठला. ठसका बी लागला न्हाई!"

सभा खो खो हसली. तिचा मुलगा कोपऱ्यात बसलेला होता. लाजला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीपुढं आम्हा शिक्षकांची रांग लागली, तर शेवटी तो उभा. मोठा बाप्या माणूस! हात पुढं करून म्हणाला, "ठिवा सर. संध्याकाळी रानातून येताना घेऊन जातो. मायनं पाठवलंय."

त्याच सभेत गोविंदराव पण उठले, वर्षा आणि साक्षीचे वडील. उंच माणूस, हळू बोलणार. म्हणाले, "बंदी पायजेच. मला इचारा. या फोननं माझी एक पोर घरी बसवली. लई हुशार होती. आता दुसरीच्या बाबतीत तसं झालं तर मी ऐकून घ्यायचो न्हाई. त्याच दिशी दप्तर घेऊन जाईन."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की भाऊ, फोननं नाही बसवली, तुम्ही बसवली. पण त्यांचा चेहरा बघितला आणि बोलवेना. मागं मुलींच्या रांगेत साक्षी बसली होती, ती पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती.

*

आणि ज्याची मला धास्ती होती तेच झालं.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं साक्षी फोनवर कुजबुजताना सापडली. कुणाला? खुद्द बिरादार सरांना! सर तिला घेऊन ऑफिसात आले तेव्हा तिच्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला होता. मी आणि शेख सर तिथंच होतो.

"सर, घरी सांगू नका," एवढंच ती म्हणत होती. "पाया पडते सर. बाबा शाळा बंद करतेल."

सर म्हणाले, "कुणाशी बोलत होतीस? काय आहे फोनमध्ये? उघड."

तिनं उघडला. आम्हा तिघांच्याही मनात काय काय येऊन गेलं असेल, ते सांगत नाही. सरांनी एक रेकॉर्डिंग लावलं. खरखर झाली आणि मग एका बाईचा कडाडून आवाज आला, "मागच्या बाकावरचे! म्हैस बघायची असेल तर बाहेर जाऊन बघा, भिंग इकडं आहे!"

अगं बाई! तो माझाच आवाज!

पुढचं लावलं. शेख सर समीकरण शिकवून राहिलेले. त्याच्या पुढचं, परत मी. आमच्या तासांची सगळी रेकॉर्डिंग! आणि अधूनमधून तिकडून आलेले मेसेज. सरांनी त्यातला एक लावला. "साक्षे, शेख सरांचं अर्धंच आलं बघ. घंटा झाली वाटतं. उद्या पुढचं पाठव."

आवाज ऐकला आणि शेख सर खुर्चीतून उठलेच. "ही तर वर्षा!"

मग साक्षीनं सगळं सांगितलं. ताईनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीची परीक्षा. दाजींनीच भरून दिला, हा फोनही त्यांनीच साक्षीला पाठवला. ताई सगळ्यांचं आवरून अभ्यास करते आणि अडलं की मधल्या सुट्टीत फोन करते, कारण साक्षीला घरी बोलायची सोय नाही. वडिलांना यातलं काही ठाऊक नाही. लग्नानंतर ताई आईशी बोलते, वडिलांशी नाही. पास झाल्यावरच त्यांना सांगायचं, असं ठरलंय.

"आता त्यांना कळलं की माझी शाळा बंद, आन् ताईचा अभ्यास बी बंद," साक्षी म्हणाली.

शेख सरांनी उगाच दरडावून विचारलं, "यूट्यूबवर एवढे मोठमोठे सर आहेत, ते सोडून आमचं कशाला ऐकते ती?"

साक्षी नाक पुसत म्हणाली, "ते सर चिडत न्हाईत ना. ताई म्हणते, तुमी ओरडल्याबिगर तिला शाळेत बसल्यावानी वाटतच न्हाई."

मी पदर डोळ्याला लावला. हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. बिरादार सरांनी फोन पेटीत ठेवला, आपला बाहेर काढला, कुलूप लावलं, गोविंदरावांचा नंबर काढला आणि बराच वेळ त्या नंबरकडं बघत बसले. मग फोन खिशात घालून म्हणाले, "साक्षी, वर्गात जा."

*

पण गावात खबर पोचायला फोन लागतो थोडाच! दुसऱ्याच दिवशी, मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती आणि ऑफिसच्या दारात चपला काढून गोविंदराव आत आले. त्यांच्यामागं दाराला धरून साक्षी. रडून रडून डोळे लाल झालेले.

"सर, माझ्या पोरीकडं फोन सापडला म्हणं."

शेख सर चटकन पुढं झाले. "अहो, तो फोन तर माझा..."

बिरादार सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हटलं ना, या माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "सापडला."

"मला खबर दिली न्हाई तुमी."

"नाही दिली," सर म्हणाले. "मागच्या वेळी दिली होती."

गोविंदरावांनी मान फिरवली. म्हणाले, "द्या तो फोन. साक्षे, दप्तर घे तुझं."

मी म्हटलं, "भाऊ, एक मिनिट माझं ऐका. पाया पडते तुमच्या. परीक्षा तोंडावर आलीय. आधी त्या फोनमध्ये काय आहे ते तरी..."

"मॅडम, मला काय बी ऐकायचं न्हाई. मागं बी समदे असंच बोलले."

सरांनी पेटी उघडली. नियम त्यांचाच होता, पालकांच्याच हातात द्यायचा. त्यांनी फोन गोविंदरावांच्या हातावर ठेवला. साक्षीनं भिंतीला डोकं टेकवलं.

आणि फोन वाजला.

स्क्रीनवर वर्षाचा फोटो आला. हिरव्या साडीतला. गोविंदराव बघतच राहिले. बंद करायला म्हणून त्यांनी बोट लावलं, ते कुठं पडलं कोण जाणे, आणि ऑफिसभर वर्षाचा आवाज घुमला.

"साक्षे, काल मधीच काऊन बंद केलास ग? बरं ऐक, सुट्टी संपायच्या आत इचार. शेख सरांचं ते दुसरं उदाहरण. एक्सची किंमत निघाली, वायची निघूनच न्हाई राहिली. सकाळपासून करून राहिले. सरांना म्हणावं, पुन्यांदा सांगा. आन् बाबांच्या गोळ्या आनल्या का कुनी? आईला इचार, पर मी इचारलं म्हणू नको."

 बाहेर पोरांचा गलका चालला होता.

"साक्षे? ए साक्षे, हाईस का?"

गोविंदरावांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.  मी साक्षीचा हात घट्ट धरून उभी होते. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा बिरादार सरांकडं. मग दोन पावलं टाकून शेख सरांपाशी गेले आणि तो फोन तसाच चालू त्यांच्या तोंडासमोर धरला.

"सर," ते म्हणाले, "सांगा की तिला. जरा मोठ्यानं सांगा, तिकडं आवाज बारीक येतो."